मामाजी आणि भाऊंचं शपथपत्र

माझ्या सासऱ्यांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्यामुळे मी जितका घाबरलो तितका आयुष्यात दुसऱ्या कोणामुळेही घाबरलो नाही. मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) सौंदडला रेल्वेत चाबीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून मैलोगणती रुळांतून चालायचं आणि रुळाला धरून ठेवणारी एखादी चाबी सैल दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. सगळ्या नोकरीत त्यांच्या हद्दीत एक डबा घसरला नाही. पण आज नक्की घसरणार, या धास्तीनं ते रोज अर्धपोटीच कामावर जात. निवृत्त झाल्यावर रूळ सुटले, धास्ती सुटली नाही. लग्नपत्रिका आली की तारीख आणि वार जुळतात का हे ते आधी कॅलेंडरात पाहतात. एकदा खरंच जुळले नाहीत, तेव्हा वधूपित्याला फोन करून त्या बिचाऱ्याला घाम फोडला होता. बसमध्ये बसण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारतात. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हे मांडवाचे खांब हलवून पाहत होते. आमच्या अल्बममध्ये कन्यादान सोडलं तर खांबाशिवाय त्यांचा एकही फोटो नाही.

अशा माणसाला निवडणुकीच्या कागदांचा नाद लागला तो माझ्याच चुकीनं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण आटोपून सासुरवाडीला गेलो होतो. जेवताना सहज बोलून गेलो, की उमेदवाराला आपली शेती, घर, दागिने, अंगावरचे खटले सगळं शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. ते तहसीलच्या फलकावर लावतात आणि कोणालाही वाचता येतं.

मामाजींचा घास हातातच राहिला. "कोणालेबी? म्हंजे मलेबी?"

"तुम्हालाही, मामाजी. नक्कलसुद्धा मागता येते."

"मंग आतापावेतो काऊन नाही सांगतलं जी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तुटलेला रूळ दिसूनही मी लाल झेंडी दाखवली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते पहिल्या बसनं तहसीलला गेले. सोबत दोन चष्मे, एक वही आणि भाकरी. फलकासमोर उभं राहून ते एकेक शपथपत्र मोठ्यानं वाचू लागले, कारण मनात वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. हळूहळू मागे पंधरावीस माणसं जमली. शिपाई धावत आला. "बाबाजी, कोण पाह्यजे तुमाले?" मामाजी न वळता म्हणाले, "सबन पाह्यजेत." आठही उमेदवारांचं त्यांनी वहीत उतरवून घेतलं, गट नंबरांसकट. घरी आल्यावर आपण एखादा आकडा चुकवला असणार या शंकेनं त्यांना जेवण गेलं नाही, म्हणून पुढच्या दिवशी पुन्हा गेले आणि सगळं ताडून आले.

निवडणूक झाली. ज्यांना सगळे भाऊ म्हणतात ते आमदार म्हणून निवडून आले आणि आम्ही सगळे ती वही विसरलो. पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभेपुढे एक ठराव यायचं ठरलं: गावच्या जुन्या मालगुजारी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका टोकाला कापायची आणि तिथून पक्का रस्ता काढायचा. रस्ता कोणाला नको? पण तो तलाव मामाजींच्या पणजोबांच्या पिढीनं टोपल्यांनी माती वाहून बांधलेला. पाळ कापली तर पाणी निम्मं राहणार आणि खालच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान वाळणार. बातमी ऐकून मामाजी आत गेले, वही घेऊन बाहेर आले आणि त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. रस्ता जिथे जाऊन थांबत होता ती जमीन भाऊंच्या पत्नीच्या नावावर होती. तसं शपथपत्रातच लिहिलेलं होतं.

"पन हे माह्या हातानं लिवलेलं हाय," ते म्हणाले. "हात चुकला असंल तं? पक्की नक्कल पाह्यजे. चाला, गुरुजी."

मास्तरांच्या बदल्या आता संगणकावर होतात म्हणे. पण मास्तराच्या मनातली बदली अजूनही नेत्याच्या भुवईवरच होते. मला शाळा दिसली, ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलात. तरी गेलो. तहसीलमध्ये शिरताना मी हेल्मेट काढलं नाही. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "शपथपत्र कायले पाह्यजे?" मामाजी म्हणाले, "वाचाले." असं उत्तर त्याला बहुधा कधी मिळालंच नव्हतं. त्यानं आधी आम्हाला रेशनकार्डाचा फॉर्म दिला, मग उत्पन्नाच्या दाखल्याचा, आणि शेवटी साहेबांना विचारून आला. "बस, सादा अर्ज कर दो. नक्कल भेटते. पण दस्ता कपाटात हाय, चार दिवसांनी या." अर्ज मीच लिहिला, कारण मामाजींना माझं अक्षर आवडतं. ते अक्षर त्या दिवशी मला स्वतःलाही ओळखू आलं नसतं.

चार दिवसांनी नक्कल हातात पडली, आणि वळतो तर व्हरांड्यात साक्षात भाऊ. "अरे गुरुजी! हेल्मेट घालून काय करून राहिले इथं?"

मी म्हणणार होतो, की जातीच्या दाखल्यासाठी आलो. तेवढ्यात मामाजी हात जोडून म्हणाले, "तुमचंच शपथपत्र न्याले आलो जी."

भाऊ हसले. "अहो बाबूजी, घरी यायचं. चहा पिता पिता दाखवलं असतं."

"चहा होऊन गेला जी," मामाजी म्हणाले. त्यांचे जोडलेले हात थरथरत होते. ती थरथर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मला वाटत होतं, की सासऱ्यांना माणसांची भीतीच वाटत नाही. त्यांना माझ्याहून जास्त वाटत होती.

ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. भाऊही आले होते. ठराव वाचून झाला, हात वर होऊ लागले, आणि मामाजी उठले. सासूबाईंनी मागून धोतर धरून ठेवलं होतं. आवाज इतका बारीक निघाला, की कोणीतरी ओरडलं, "जोरानं बोला ना जी!" मामाजींनी नक्कल डोळ्यांसमोर धरली, गट नंबर दोनदा वाचला आणि म्हणाले, "मी आरोप नाही करून राहिलो. मले फक्त इचाराचं हाय. रस्ता जेथं जाते, ते वावर तुमच्या घरचं हाय का नाही?"

भाऊंचा चेहरा लाल झाला. "आहे. लपवलं असतं तर मी स्वतः लिहून दिलं असतं का?"

"लिवलं हे बरोबर केलं जी," मामाजी म्हणाले. "पन आज सांगतलं नाही." आणि ते मटकन खाली बसले.

त्यानंतर जो गलका झाला त्यात मला काही ऐकू आलं नाही, कारण मी मनातल्या मनात सामान बांधत होतो. ठराव त्या दिवशी बाजूला ठेवला गेला. पुढे इंजिनिअर येऊन पाहून गेले, आणि रस्ता पाळीला हात न लावता खालून वळसा घालून गेला. भाऊंच्या वावराला तो लागतच नाही. माझी बदली मात्र झाली नाही. भाऊ नंतर शाळेत झेंडावंदनाला आले, तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मामाजींची तब्येत सांभाळा, गुरुजी." यात प्रेम किती आणि धमकी किती, याचा हिशेब मी वर्षभर लावत होतो. अजून लागलेला नाही.

आता मामाजींचे डोळे गेल्यातच जमा आहेत. यंदा पुन्हा निवडणूक लागली, तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. शपथपत्रं आता मोबाइलवरही दिसतात. पानं तिरकी, शिक्के पुसट, पण दिसतात. दुपारी त्यांच्या खाटेशी बसून मी वाचायला घेतलं. ते मधे मधे थांबवत. "हे पुन्हा वाचा. कोनाच्या नावावर?" मी पुन्हा वाचायचो. भाऊंचंही वाचलं. "वावर लिवलं हाय?" त्यांनी विचारलं. "लिहिलंय." "बरं."

पाचव्या उमेदवाराच्या मध्यावर त्यांच्याकडून काहीच विचारणा येईना, म्हणून वर पाहिलं. मामाजींचा डोळा लागला होता. कपाळावर एक आठी नव्हती. त्यांचा असा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. सासूबाई आतून हळूच म्हणाल्या, "झोपले तं राहू द्या आता. चहा घ्या."

मी मान हलवली, पण उठवेना. अजून तीन जणांची शपथपत्रं राहिली होती. ती न वाचता उठायची मला भीती वाटली.