दहा चिंचोके आणि भिंतीवरचा आलेख

पोरांनो, हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना निम्मं माहीत आहे, आणि तेवढ्यावरच ते मला चिडवतात. उरलेलं निम्मं लिहायला बसले की आधी टेबल आवरावंसं वाटतं. तीनदा आवरून झालं.

कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. संभाव्यता शिकवायला मी चिंचोके घ्यायचे. चिंचोका फोडला की एक बाजू पांढरी, एक तपकिरी — आपल्याकडे खेळात फाशांऐवजी तेच टाकतात. असे दहा अर्धे ओंजळीत घुसळून टाकायचे, पांढरे किती पडले ते मांडायचं, आणि हे दोनशे वेळा. दहाच्या दहा पांढरे जवळजवळ कधीच नाहीत. बहुतेकदा पाचाच्या आसपास. आलेख मधे उंच, दोन्हीकडे उतरता. खोलीतली सगळी हवा एका कोपऱ्यात का जाऊन बसत नाही, हे मग मुलांना कळे.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझा स्वतःचा आलेख होता. खाली सुवाच्य अक्षरात — ‘एक हजार वेळा टाकून’.

एकदाही टाकले नव्हते.

एका रविवारी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मी तो सूत्रावरून काढला. संख्या मोठी असली की मोजत न बसता सूत्रानं अंदाज करता येतो — हेच तर शिकवत होते ना मी? आणि खरा वाटावा म्हणून तीनवर एक उंचवटा, आठवर एक खळगा घातला. त्या खळग्याचा मला फार अभिमान होता. असा अभिमान कुणाला असतो?

मग मंगल आली. कुडाळकडच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. पुढे शिकायचं तर प्रयोगाचे गुण तिला हवेच होते. तिच्या आलेखाचा उंचवटा पाचावर नव्हता, सहा-सातावर होता. मी भर वर्गात म्हटलं, “आधी चिंचोके टाकायला शिकून ये.” वर्ग हसला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सहा-सात. मी वही परत केली — काही न बोलता, म्हणजे जास्तच बोलून.

तिसऱ्यांदा तिनं सुंदर आलेख आणला. बरोबर पाचावर. तीनवर उंचवटा. आठवर खळगा.

माझाच खळगा, पोरांनो! तो मी ओळखणार नाही? मी दहापैकी दहा दिले आणि लाल शाईनं लिहिलं — ‘निरीक्षण उत्तम’.

निवृत्त झाल्यावर एकदा मी खरंच चिंचोके घेऊन बसले. आजोबा मांडत होते. “सात. परत सात. गो, त्या मंगल चेडवाचा खरा होता! आणि तू वर्गाक तेच्यार हसवलंस?” खरंच होतं. चिंचोक्याची पाठ फुगीर, फोडलेली बाजू सपाट — दोन्ही बाजू सारख्याच पडतील हे माझ्या सूत्रानं धरलेलं होतं, चिंचोक्यानं नाही. आजोबांना एवढंच माहीत आहे. भिंतीवरचा आलेखही मी टाकूनच काढला होता, फक्त हिशेब चुकला, असं ते अजून समजतात.

गेल्या महिन्यात मंगल जामसंड्याच्या बाजारात भेटली. केस पिकलेत, स्वतः विज्ञान शिकवते. वाकून नमस्कार केला आणि हात सोडेना.

“बाई, एक सांगूचा आसा. किती वर्षा झाली, धीर होईना. तो तिसरो आलेख मी टाकून काढूक नव्हतो. तुमच्या भिंतीवरचो उतरून काढलो. माझो हातच वायट होतो, बाई. कितीय टाकलंय तरी चुकीचाच येय.”

तिचे डोळे भरले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मला पाठही होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे गं. लहान होतीस.”

मी तिला क्षमा केली.