जूनमध्येच उरकलेला नाताळ

आमच्या घरी नाताळला पोरांना बरंच काही मिळायचं, पण भेट म्हणून एकच वस्तू धरायची अशी रीत होती. नवे कपडे त्यात धरायचे नाहीत, आत्या-मामांनी आणलेला खाऊ तर मुळीच नाही. चर्चमधून आलं की पोरं सतरंजीवर ओळीनं बसायची, माझे सासरे प्रार्थना करायचे आणि एकेकाला पुढं बोलावून त्याच्या आईबापांनी आणलेली वस्तू स्वतःच्या हातानं द्यायचे. ती मोठी भेट. त्यानंतरच मटणाच्या पातेल्यावरचं झाकण निघायचं.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नाशिक रोडला सरकारी वसाहतीत राहायचो, सासरेही आमच्याकडेच असायचे. लेक पाचवीत गेली आणि शाळा लांब पडायला लागली, म्हणून जूनमध्ये तिला सायकल घेतली. दुकानातच आमच्या ह्यांनी तिला सांगितलं, "हे नाताळचं आत्ताच घेतलं समज हं. डिसेंबरात पुन्हा मागायचं नाही." सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून उभ्या असलेल्या पोरीला तेव्हा काहीही विचारलं असतं, तरी ती हो म्हणाली असती.

मला वाटलं, बोलायची पद्धत असते ती. सगळेच आईबाप असं बोलतात आणि वेळ आली की विसरतात. डिसेंबर लागला. करंज्यांचं सारण भाजता भाजता मी सहज विचारलं, "तिला काय घ्यायचं यंदा?" तर हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "दिली की सायकल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ती शाळेसाठी घेतली. उद्या दप्तरालाही भेट म्हणाल!"

"शब्द झालाय आमचा. तिनं कबूल केलंय."

"दहा वर्षांच्या पोरीशी कसले करार करता?"

"आत्ता शब्द पाळायला शिकली नाही, तर कधी शिकणार?"

बस्स. त्या दिवसापासून आमचं बोलणं मीठ द्या, पाणी दे, एवढ्यावर आलं. मी स्वतः बाजारात जाऊन काहीतरी आणू शकले असते. पण मग पोरीसमोर बापाचा शब्द मोडला असता, आणि सासऱ्यांसमोर तमाशा झाला असता तो वेगळाच. नगरहून नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन येणार होती. त्या दोघांना काही ना काही मिळणार आणि माझी पोर त्यांच्या शेजारी रिकाम्या हातानं बसून राहणार, हे सारखं डोळ्यांसमोर यायचं. त्याहून जास्त छळत होतं ते तिचं गप्प राहणं. दरवर्षी महिनाभर आधीपासून माझे कान खाणारी कार्टी यंदा एका शब्दानं काही मागेना.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले, तर ही बादली घेऊन सायकल धूत बसलेली. चाकाची एकेक तार पुसत होती. शेजारी जुनी चादर घडी घालून ठेवलेली.

"काय चाललंय गं?"

"मम्मी, उद्या ही चादरीखाली झाकून ठेवू या. आजोबांना सांग ना, माझा नंबर आला की हीच द्या म्हणून. म्हणजे मलापण उठून जाता येईल."

मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथंच रडले असते. ह्यांच्या कानावर घातलं, तर हे म्हणतात कसे, "बघ, तिला पटलंय. तुलाच पटत नाही." काय म्हणावं या माणसाला! करंज्यांचा डबा उचलून डोक्यात घालावा असं वाटलं.

नाताळच्या सकाळी उपासना आटोपून घरी आलो. नणंदेच्या मुलाला बॅट मिळाली, मुलीला बाहुली. मग सासऱ्यांनी आमच्या लेकीचं नाव घेतलं. ती उठून कोपऱ्यात गेली, मी सांगून ठेवलं होतं तसं सासऱ्यांनी चादर ओढली आणि ही दोन्ही हात गालांवर ठेवून ओरडली, "अय्या! सायकल!"

नणंद तर फसलीच. पण तिचा मुलगा खो खो हसायला लागला. "ए, ही तर तुझीच जुनी! दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघंच आलो होतो, तेव्हा हिच्यावरच डबलसीट फिरवलंस की!"

"नाही. आता परत नवीन दिलीय," ती म्हणाली. तोंडावरचं हसू तिनं तसंच धरून ठेवलं होतं.

ह्यांच्याकडं बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. हे उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भेट नाही. ही शाळेची सायकल आहे. हिची भेट आणायची राहिलीय. चप्पल घाल बाळा."

"अरे, जेवून तरी जा," सासरे म्हणाले. हे थांबले नाहीत. मीही पदर खोचून मागोमाग निघाले.

नाताळ आमचा, बाजाराला त्याचं काय? स्टेशनजवळची दुकानं रोजच्यासारखी उघडी होती. "काय पाहिजे ते घे," हे तिला म्हणाले. ती कशालाही हात न लावता नुसती फिरत राहिली, मग बॅटरीवर वाजणाऱ्या एका छोट्या पियानोसमोर थांबली. ह्यांनी लगेच पाकीट काढलं. दुकानदारानं खोकं बांधून पुढं सरकवलं, तरी ती ते घेईना. हात पाठीमागं धरून तिनं वर बघितलं.

"पप्पा, हे पुढच्या वर्षीचं तर नाही ना?"

हे पाकिटातल्या त्याच त्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत राहिले. "नाही गं राणी, ह्याच वर्षीचं," मीच म्हणाले आणि खोकं तिच्यापुढं धरलं. ती माझ्याकडं बघेना. तिला ते ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.