सामायिक चॅनेलवरचा घुसखोर

चहाचा कप जरा खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. इतका शिकलेला माणूस इतका मोठा गाढवपणा कसा करू शकतो, असं तुम्ही शेवटी विचारणारच!

आधी माझी नोकरी सांगतो. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांकडे वॉकीटॉकी असतात. पण त्यांच्या वाट्याला येणाऱ्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच. कुणी कुठली वापरायची हे आधी ठरवलं नाही, तर या तालुक्याची रुग्णवाहिका हाक मारते आणि पलीकडच्या जिल्ह्यातला बंब 'ओ' देतो. नाशिक विभागाच्या पाच जिल्ह्यांत ही वाटणी करायची, ते काम माझं.

त्यातला माझा लाडका भाग म्हणजे सामायिक चॅनेल. मोठं संकट आलं की सगळ्यांनी या एकाच चॅनेलवर यायचं. आवाज झेलून पुढे फेकणारी यंत्रं डोंगराडोंगरावर बसवून घेतली. कुणी फार वेळ बोलायचं बटण दाबून धरलं तर बाकीच्यांचं बोलणं अडतं, म्हणून त्याला आपोआप तोडायची सोय असते. ती मात्र मी हट्टानं बंद ठेवली.

"राहू द्या ना ती," आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या होत्या.

"मॅडम, आणीबाणीत कुणाचं बोलणं अर्ध्यात तुटलं तर?" मी म्हटलं. बघा, केवढी दूरदृष्टी!

तर विंचूरच्या कांदा मार्केटात सराव ठरला. खोटी आग, खोटे जखमी, पण चॅनेल खरं. चाललं तर आराखडा मंजूर, नाही तर दोन वर्षांची मेहनत कपाटात. इंदिरानगरच्या घरात मी तीनदा चप्पल घातली, तीनदा काढली. शेवटी कमरेला वॉकीटॉकी अडकवला, जीपमध्ये बसलो, पट्टा करकचून लावला आणि आमचे ड्रायव्हर भाऊसाहेब यांना म्हटलं, "चला!"

निफाड मागं पडल्यावर मी जीपमधला वायरलेस सेट सुरू केला आणि तो एकदम किंचाळायला लागला. कुईंऽऽऽ! कान फाटायची वेळ. मी त्याचा आवाज बंद केला. तेवढ्यात मोबाईल वाजला. येवल्याच्या कंट्रोल रूममधून सुनंदाताई बोलत होत्या. आमची ओळख फोनवरचीच, तीही दोन दिवसांची.

"साहेब, चॅनेलवर कुणीतरी घुसलंय! कुणालाच बोलता येईना."

"कोण आहे?"

"माणूस आहे. चिडका वाटतो. सारखा बडबडतोय... अगंबाई!"

"काय झालं?"

"साहेब, तो तुमची नक्कल करतोय! तुम्ही 'काय झालं' म्हणालात ना, तोपण तेच म्हणाला!"

माझ्या अंगावर काटा आला. "ताई, माझा फोन टॅप झालाय!"

"आता हेपण म्हणाला, साहेब!"

"सगळं रेकॉर्ड करा!" मी ओरडलो. "शब्दन् शब्द! पुरावा आहे तो!"

जीपमध्ये सिग्नल मोजायचं यंत्र होतं. सुरू केलं तर काटा पार टोकाला! म्हणजे चोर जवळच. भाऊसाहेबांना म्हटलं, डावीकडे घ्या. काटा टोकाला. उजवीकडे घ्या. काटा टोकालाच! द्राक्षांच्या बागेतून चक्कर मारली, एका ढाब्याला दोन फेऱ्या घातल्या, तरी काटा हलायला तयार नाही. मी जीप थांबवली आणि खाली उडी मारली. काटा शून्यावर.

"पळाला!" मी म्हटलं.

परत बसलो, पट्टा लावला. काटा टोकाला.

"आला!"

असं चारदा झालं. भाऊसाहेब निफाडकडच्या खेड्यातले, शांत माणूस. ते हळूच म्हणाले, "सायेब, राग नका मानू. तुमी उतरलं की बंद व्हतंय, बसलं की चालू व्हतंय."

"तेच तर म्हणतोय मी! तो आपल्यावर नजर ठेवून आहे!"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि गिअर टाकला.

विंचूरला पोचलो तर सगळा विचका. बंब चुकीच्या गेटवर उभा. त्यात एक हमाल खरोखरच गोण्यांवरून घसरला आणि त्याचा हात मोडला. तो कळवळतोय आणि रुग्णवाहिकेवाला विचारतोय, "तुम्ही खोटे जखमी की खरे?" त्या बडबडीला कंटाळून सगळ्यांनी आपापले वायरलेस आधीच बंद करून टाकले होते, त्यामुळे कुणालाच काही सांगता येईना. शेवटी एका व्यापाऱ्यानं आपल्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. ते बघून माझं डोकंच फिरलं. त्या घुसखोराला सोडायचं नाही!

दुपारी बाजारातल्याच हॉलमध्ये बैठक. मॅडम, पोलीस, अग्निशमन, डॉक्टर, सगळे. मी टेबलावर मूठ आपटली. "हा माणूस समाजाचा शत्रू आहे! त्याच्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे!" सुनंदाताईंनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकायला मला वेळ झाला नव्हता. ते मी थेट मोठ्या स्पीकरला जोडलं.

"भाऊसाहेब, आमच्या मॅडमना फ्रिक्वेन्सीतलं काय कळतं हो? सही कुठे करायची, ते पण मीच दाखवतो!"

तो आवाज... अहो, तो आवाज रोज आरशासमोर दाढी करताना गुणगुणतो! माझा हात कमरेला गेला. जीपच्या पट्ट्याचं बक्कल जिथे दाबून बसतं, नेमकं तिथेच वॉकीटॉकीचं बटण होतं.

मी बंद करायला धावलो. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. बोलणं अर्ध्यात तुटायला नको."

आणि मग पुढचं सुरू झालं. बायकोला मी केलेला फोन.

"अगं, ऐक तरी! तुझ्या आईला मी विसरलो नाही. फक्त स्टँडवरून आणायचं राहिलं! ...किती वेळ बसल्यात? ...अगं, रडू नकोस! ...मी रडतोय का? नाही गं, घसा बसलाय!"

पूर्ण अकरा मिनिटं. पोलीस अधिकारी खिडकीबाहेर बघत होते, डॉक्टर टेबलाखाली काहीतरी शोधत होते.

संध्याकाळी मी त्या हमालाकडे जाऊन हात जोडले. तो बिचारा म्हणाला, "असू द्या सायेब, हाताचं काय, जुळंल." त्यानं मला आणखीच मेल्यासारखं झालं. लांबलेलं बोलणं आपोआप तोडायची सोय त्याच दिवशी सुरू केली.

आराखडा मात्र मंजूर झाला! मॅडमनी शेरा मारला: पाचही जिल्ह्यांत, डोंगराळ भागासह, आवाज स्वच्छ ऐकू आला.

किती स्वच्छ? परवा सुरगाण्याच्या केंद्रात पहिल्यांदाच गेलो. तिथल्या ऑपरेटरला मी कधी पाहिलेलं नाही, त्यानं मला नाही. मी नुसतं म्हटलं, "नमस्कार." तो खुर्चीतून उठला, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काळजीनं विचारलं, "साहेब, सासूबाई पोचल्या का घरी?"