नवसाचे केस

माझ्या मेंदूतली गाठ काढली तेव्हा मी दुसरीत होते. भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर अशी वरात निघाली आणि ऑपरेशननंतर लातूरलाच डोक्याला किरणं द्यायची ठरली. तेव्हा मायनं तिरुपतीच्या बालाजीला नवस बोलला: पोरगी वाचू दे, तिच्या डोक्यावरचे सगळे केस तुला वाहीन.

बालाजीच्या आधी किरणांनीच ते घेतले. रोज तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवून मला मशीनखाली झोपवत. पुढं उशीवर केस दिसायला लागले. माय ते वेचून कॅरीबॅगमध्ये ठेवायची. गावी आल्यावर तिनं ती पिशवी जाणत्या बायांसमोर ठेवली. चहा झाला, चर्चा झाली. शेवटी चुलत आजीनं निकाल दिला, "गळालेले चालत न्हाईत. वस्तऱ्यानं उतरवावे लागतेत." म्हणजे आधी केस यायला पाहिजेत, मग ते जायला पाहिजेत.

पुढं काय होणार ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. उंची कमी राहील, अभ्यासात हळू पडेल, ऐकू थोडं कमी येईल, मागचे केस विरळ येतील. बाबांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मायनं मात्र यातल्या कशाचाच दोष किरणांना दिला नाही. तिच्या मते हे सगळं नवस राहिल्यामुळं होतं. आठवीतही बाकावर बसले की माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, माय म्हणायची, "नवस फिटला की वाढंल." पाढे विसरले, नवस. डाव्या बाजूनं मारलेली हाक ऐकू आली नाही, नवस. बालाजी इतका डूख धरून बसत असेल असं मला वाटत नव्हतं, पण मायपुढं त्याची बाजू कोण मांडणार?

केस आले, फार सावकाश. मागं तळहाताएवढी जागा विरळच राहिली. ती झाकेल अशी वेणी घालायला मी शिकले, आणि त्या वेणीचा मला चांगलाच गर्व होता. त्यामुळं तिरुपतीला जायचा विषय निघाला की मी आजारी पडायचे. त्यात माझा हात कोण धरणार होतं? असं करत मी कॉलेजात पोचले. बसमध्ये कंडक्टर अजून विचारायचे, "शाळा सुटली का, बाळा?"

मग एकदा माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मी गेल्यावर कोण फेडंल गं तुझा नवस?" मी बॅग भरली.

तिरुपतीला न्हाव्यानं बघता बघता सगळं उतरवलं. मागची जागा उघडी पडली. माय तिच्यावरनं हात फिरवत राहिली, मग चंदन लावलं. मला फार वाईट वाटलं. पण आजूबाजूला सगळेच टकले, त्यात एकटीनं काय रडायचं?

रांगेत माय सारखी पुटपुटत होती. काय मागायचं ते पाठ करत होती: उंची, डोकं, कान. "एकदम मागितलं तर देवाचाबी गोंधळ होतो," ती म्हणाली. आणि डॉक्टरांचं बोलणं तोंडपाठ असलेल्या मीही त्या रांगेत मनातल्या मनात चार इंच पक्के करून टाकले.

गाभाऱ्यासमोर एकच रेटारेटी. "जरगंडी, जरगंडी," म्हणजे पुढं सरका, असं ओरडत आम्हाला ढकललं आणि आम्ही बाहेर. मला देव दिसलाच नाही. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसली.

बाहेर आल्या आल्या मी विचारलं, "मागितलीस उंची?"

माय इकडंतिकडं बघायला लागली. "न्हाई गं. राहूनच गेलं."

"काहीच नाही मागितलं?"

"तू दिसंनाच गर्दीत. तुला धरण्यातच सगळं ध्यान गेलं."

मला राग आला आणि त्याच्यापेक्षा जास्त रडू आलं. दोन्ही आवरून मी म्हटलं, "परत लाग रांगेत. मी इथं बसते, तू मागून ये."

मायनं माझ्या टकलावरची ओढणी नीट केली.

"तुला इथं एकटीला सोडून?" ती म्हणाली. "राहू दे ती उंची."