मिरचीचा ठसका नव्हता तो

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात आणि आम्ही बायका बसून देठं खुडतो. तिथे शिंकणं, खोकणं, डोळ्यांतून पाणी येणं याला कोणी आजार म्हणत नाही. ठसका लागला की गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचं.

माझी सून माझ्या शेजारीच बसायची. त्या दुपारी भाकरी खाऊन तिने कंबरदुखीची गोळी घेतली. बहुतेक बायका घेतात, टपरीवर मिळते. थोड्या वेळाने ती खोकायला लागली, मान खाजवायला लागली.

"काय व, मिरची आजच देखी का?" पलीकडची म्हणाली. "गूळ द्या व तिले!"

सगळ्या हसल्या. सूनही हसली. पण गूळ तिला गिळवेना.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ टम्म फुगले होते. मिरचीने हात जळतात, नाक गळतं, पण ओठ असे फुगत नाहीत. पदर बाजूला केला तर पोटावर लाल गांधी उठलेल्या. तिथे मिरची कशी पोचणार?

"आत्या, मन्हा घसा दाटी ऱ्हायना," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

एक बाई मीठ-मिरच्या घेऊन नजर उतरवायला पुढे आली. मिरच्यांची तर काही कमी नव्हती.

"नजर मंग उतार," मी ओरडले. "पहिले रिक्षा बलाव!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईने काही न विचारता आधी मांडीत इंजेक्शन दिलं आणि नाकातोंडावर हवेची नळी लावली. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळूहळू माणसासारखा दिसायला लागला. मग बाईने विचारलं, काय खाल्लं, काही चावलं का, औषध कोणतं घेतलं?

शेंगदाण्याची चटणी ती रोज खाते. काही चावलं नव्हतं. मग गोळीची गोष्ट निघाली. मागे एकदा हीच गोळी घेतल्यावर सगळ्या अंगाला खाज सुटली होती, असं सून कण्हत म्हणाली. तेव्हा आम्ही तेही मिरचीच्या माथी मारलं होतं. आमच्याकडे सगळंच मिरचीच्या माथी जातं.

"असे लोक येतात का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"रोज नाही, पण येतात," बाई म्हणाली. "कुणाला औषधाने होतं, कुणाला गांधीलमाशी चावून, कुणाला शेंगदाणे, मासे, अंडी यांनी. नुसती खाज पुष्कळांना सुटते. असा घसा थोड्यांचाच बंद होतो, पण ज्याचा होतो त्याला वेळ नसतो. आणि आधी दहादा पचलेली गोष्टसुद्धा एखाद्या दिवशी उलटते."

ती गोळी आता जन्मात घ्यायची नाही, असं तिने दोनदा बजावलं. आज इथेच थांबा, म्हणाली, कारण उतरलेलं पुन्हा उलटू शकतं.

सुनेला ते पटेना. ती उठून बसली. "घर चाला, आत्या. भाकरी कोन करी?"

"तुन्हा नवराले हात नहीत का? झोप गुमान."

आता बरं वाटतं, उगाच खाट अडवून कशाला बसायचं, असं म्हणत ती चप्पल शोधायला लागली. मी चपला माझ्या पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

दिवस मावळता मावळता तिच्या मानेवर पुन्हा गांधी उठल्या आणि छातीत शिटी वाजायला लागली. नर्स धावत आली, दुसरं इंजेक्शन दिलं. तिचं ऐकून निघालो असतो, तर तेव्हा आम्ही घरच्या वाटेवर, एसटीत असतो. सून माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवी तशीच मांडीवर धरून ठेवली.

शिटी थांबली, तशी तिला झोप लागली. लगेच घोरायला लागली. एरवी मी तिला कोपराने ढोसलं असतं. त्या संध्याकाळी घोरू दिलं. श्वास आत जातोय आणि बाहेर येतोय, एवढं मला ऐकू येत होतं.