मोगरी आणि गरम तार

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, ते पोटात घालावं. चौथीनंतर वही धरली नाही. तोंडानं मला हे सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमची हर्सूलची खोली एकच, तिला खिडकी नाही. मालकांची म्हणजे माझ्या नवऱ्याची कंपनीत रातपाळी, ते दिवसा झोपायचे. लेक डिप्लोमाला होती, तिला अभ्यासाला लाईट लागायची. बल्ब लागला की मालक उठून मारायचे, आधी मला, मग तिला. एकदा तिच्या कानातून रक्त आलं.

मग लेकीनं बल्ब मंद करायचं सर्किट बनवलं. त्यात नखाएवढी चिप होती, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ती विजेची प्रत्येक लाट जरा अडवून सोडते, म्हणून उजेड कमी पडतो. आमचा साधा एलईडी त्यावर वेड्यासारखा फडफडला. मंद होणारा बल्ब वेगळा येतो, महाग. शेजारच्या मुसलमान बाईंनी, त्यांना आम्ही आपा म्हणतो, पैसे उसने दिले आणि लेकीनं तो औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणला. खोलीत निखाऱ्याएवढा उजेड पडला. मालक घोरत राहिले, लेक वाचत राहिली.

थोडे दिवस सुखाचे गेले. मग उसनवारी मालकांना कळली.

"माझ्या माघारी भीक मागता व्हय?"

लेकीला केसांना धरून भिंतीवर आपटलं. मला लाथ घातली. मग बटण बंद करून सर्किट उपटायला हात घातला.

"पप्पा, नका! बटण बंद असलं तरी तार गरम हाय!"

"मला शिकवती? ह्या घराची वायरिंग म्या केली!"

तिथंच तर चुकलं होतं. गरम तार म्हणजे करंटची. बटण तिच्यावर घ्यायचं असतं, मालकांनी थंड, म्हणजे परतीच्या तारेवर घेतलेलं. बल्ब विझायचा, करंट तिथंच राहायचा. लेकीनं हे आधी सांगितलं तेव्हा थोबाडीत खाल्ली होती.

मालकांचा हात तारेला चिकटला. डोळे पांढरे झाले, दात कडकडा वाजायला लागले. मी धुणं बडवायची मोगरी उचलली. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून ती कोरडी होती, कोरड्या लाकडातून करंट येत नाही. मनगटावर हाणली. सुटेना. परत हाणली, परत. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा हात सुटला.

शुद्धीवर येऊन म्हणाले, "मारलंस मला?"

"व्हय," मी म्हणाले.

दवाखान्याचे पैसेही आपांनीच भरले. प्लास्टर बघून म्हणाल्या, "इत्ते बरस की मार एक दिन में वसूल की गे तू!"

लेकीनं बटण गरम तारेवर घेतलं. मालक आता निजताना तिला म्हणतात, "उजेड जरा कमी कर गं."

कामावर परत गेल्यावर मालक स्वतः आपांकडे गेले. मी मागं उभी होते. उजवं मनगट वाकडंच बसलं होतं, बोटं मिटत नव्हती. नोटा डाव्या हातानं पुढं केल्या.

"उल्टे हात से नक्को, भाईजान."

मालकांनी नोटा माझ्या हातात दिल्या. मी उजव्या हातानं आपांना दिल्या. सगळे पैसे फिटले.