गुळावर भरवसा

चंद्रपूरच्या हवेशी रोज भांडणारा माणूस अख्ख्या शहरात एकच असेल, आणि मी त्यांच्याच घरी भाड्याने राहते. माझे घरमालक, भाऊ, कोळसा खाणीतून निवृत्त झाले. "नोकरी सुटली, कोळसा नाई सुटला," असं घरमालकीण काकू त्यांच्या खोकल्याकडे बघत म्हणतात. सकाळी ते पांढरा रुमाल गच्चीच्या कठड्यावरून फिरवतात आणि काळा झालेला रुमाल मला दाखवतात. "पाय पोरी, हे आपण रातभर खाल्लं." रुमाल फारच काळा निघाला की घराच्या खिडक्या बंद, काकूंचे पापड बंद आणि पोलीस भरतीसाठीचं माझं धावणंही बंद. "भरतीवाल्यायले सांग, चंद्रपुरात राहतो. थोडे मार्क हवेचे द्या."

त्यांचा खरा भरवसा गुळावर. खाणीत ड्युटी संपली की सगळे गुळाचा खडा खात. गूळ छातीतली धूळ ओढून नेतो, ही त्यांची पक्की समजूत. पोस्टमनलाही ते खडा दिल्याशिवाय सोडत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप मात्र कपाटात. "पंपाची सवय लागते."

मी एकदा भीत भीत म्हटलं, "भाऊ, धूळ फुप्फुसात जाते, गूळ तर पोटात जातो."

"कालेजात जाते म्हणून बोलून राह्यली," ते काकूंना कौतुकाने म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; मोठ्यांना समजवायचं कसं, ते मला अजून जमत नाही.

यंदा थंडीत एका सकाळी धूर आणि धुकं अगदी खाली उतरलं होतं. गच्चीवरून येता येता ते जिन्यातच बसले. ओठ निळसर पडले. हात खिशातल्या गुळाकडे गेला, पण तोंड श्वासालाच पुरत नव्हतं. काकूंनी पंप आणला. तो कसा घ्यायचा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकण काढून, हलवून, मी तो त्यांच्या तोंडाशी धरला. "भाऊ, ओढा." पहिल्यांदा सगळा फवारा बाहेरच गेला. दुसऱ्यांदा थोडा आत गेला. मग ऑटो, दवाखाना, ऑक्सिजन.

ते वाचले. पंपही घेतात, तोंड वाकडं करून. पण गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

परवा मी माझ्या गावी, सावलीला, निघाले, तर ते फाटकापर्यंत आले. "तिकडची हवा चांगली हाय. तिकडंच नोकरी पाय."

"मग तुमी बी चला ना, भाऊ."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, विचार करताहेत. मग कळलं, पुढच्या वाक्यापुरता श्वास ते गोळा करत होते.